जुन्या गेमच्या डिस्क स्टीम खात्याला जोडता येतात का?

सेव्हगेम
नमस्कार मंडळी. परवा कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोकं खाली काढलं. आत जुन्या पीसी गेमच्या डिस्क. काही डब्यांत, काही नुसत्या कागदी पाकिटांत, आणि दोन तर तशाच उघड्या, एकमेकींवर घासून घासून पांढऱ्या पडलेल्या. यादी अशी: हाफ-लाइफ (पहिला), हाफ-लाइफ २, प्रे (२००६ चा), स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल, विचर १, वॉरक्राफ्ट ३, सिम्स २, जीटीए ४, आणि एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम, ज्याचा डबाही नाही आणि पुस्तकही नाही.

माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. मैत्रिणीकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागून आणला, पण तो परत द्यायचाय. म्हणून वाटलं, सगळं एकदाचं स्टीमच्या (तेच, पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) खात्यात घालून टाकावं. स्टीममध्ये खाली डावीकडे 'अ‍ॅड अ गेम' दिसलं, तिथून तीन गेम घातले. लायब्ररीत नावं आली, मी खूश. आज दुसऱ्या संगणकावर लॉगिन केलं तर तिन्ही गायब! काय चुकलं? आणि हे जोडणं मुळात होतं का?

तिसरा_कंट्रोलर
तुम्ही 'नॉन-स्टीम गेम' घातलात. तो त्या एका संगणकावरचा नुसता शॉर्टकट. दारावर पाटी लावली म्हणून घर नावावर होत नाही, तसं.

त्याच मेनूत 'अ‍ॅक्टिव्हेट अ प्रॉडक्ट ऑन स्टीम' आहे. तिथे डब्यातली की, म्हणजे गेमसोबत छापून येणारा आकड्या-अक्षरांचा क्रमांक, टाकायची. की पास झाली तर गेम खात्यात, मग कुठूनही उतरवा. डिस्क ड्राइव्हमध्ये असायचीसुद्धा गरज नाही. खात्याला डिस्क कळत नाही, की कळते.

फक्त_वाचक
वाचतोय. माझ्याकडेही असं एक खोकं आहे. ते उघडायचं धाडस होत नाही.

जुनाट
वरचं बरोबर आहे, पण अर्धंच. कुठलीही की घातली आणि गेम आला, असं नाही हो.

स्टीमची स्वतःची की म्हणजे साधारण पाच-पाच-पाच अशी पंधरा अक्षरं. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला, आणि डबा विकत घेऊनसुद्धा स्टीम खातं काढल्याशिवाय तो सुरूच होत नव्हता. तेव्हा लोकांनी काय शिव्या घातल्या होत्या! पहिल्या दिवशी सर्व्हरवर एवढी गर्दी, की डबा मांडीवर घेऊन लोक पडद्याकडे बघत बसलेले. पुढे ज्या ज्या गेमच्या डब्यावर स्टीमचं चिन्ह आलं, त्यांच्यातली की ही मुळातच स्टीमची.

बाकीच्या गेमची की प्रकाशकाची स्वतःची. ती स्टीमला ओळखीची असायचं काही कारण नाही. अपवाद म्हणजे ज्या प्रकाशकांनी आपल्या छापील डब्यांतल्या की स्टीमकडे मान्य करवून घेतल्या ते. स्टीमच्या मदतीच्या पानांवर त्यांची यादी आहे. तुमच्या खोक्यातले हाफ-लाइफ, प्रे आणि स्टॉकर तिच्यात बसतात. प्रे तर आधी करा. तो स्टीमवरून केव्हाच विक्रीतून काढलाय, विकत घ्यायचा म्हटला तरी मिळत नाही. पण जुन्या डब्यातली की टाकली की मुकाट्याने येतो.

हाफ-लाइफच्या एका कीवर काउंटर-स्ट्राइक, ऑपोझिंग फोर्स, ब्लू शिफ्ट, टीम फोर्ट्रेस क्लासिक अशी सगळी वरातच खात्यात येते.

आणि एक. हाफ-लाइफ २ तुमच्या घरात कुणी खेळलं असेल, तर तो तेव्हाच कुणाच्या तरी खात्याला जोडला गेलाय. विचारून बघा.

गोगलगाय
आयडीवरून माझा पक्ष कळला असेलच.

स्टॉकर आणि विचरसाठी स्टीमच्या मागे का लागायचं? जीओजी हे गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान. त्यांनी जुन्या डब्यांतल्या की स्वीकारायला 'रिक्लेम' म्हणून पान काढलं, त्यात स्टॉकर होता, माउंट अँड ब्लेड होता. विचरच्या डब्यातली की दिली की जीओजीवर त्याची बॅकअप प्रत मिळायची, अशीही वेगळी सोय होती. मी माझा विचर १ तिथूनच घेतला. फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवलीय. इंटरनेट नको, लॉगिन नको, कुणाची परवानगी नको.

२०१६ मध्ये तर त्यांनी 'कनेक्ट' काढलं होतं. स्टीमच्या लायब्ररीतले ठरावीक गेम जीओजीवर फुकट घ्यायचे. तेव्हा ज्यांनी आळस केला ते आता बसलेत हळहळत.

लोडिंग
मी आळस केला होता. हळहळतोय. धन्यवाद, मीठ चोळल्याबद्दल.

निवांत
वॉरक्राफ्ट ३ बॅटल.नेटच्या, म्हणजे तो बनवणाऱ्या ब्लिझर्डच्याच, खात्यात जातो. पुस्तकाच्या मागे किंवा डब्याच्या आत २६ अक्षरांची की असेल, ती रिडीम करायची. ब्लिझर्डने जुन्या की बऱ्यापैकी सांभाळल्यात. जुन्या स्टारक्राफ्टची तेरा आकड्यांची कीसुद्धा माझ्याकडून बिनतक्रार घेतली होती. आणि मी ती घातल्यावर काही महिन्यांतच, २०१७ ला, त्यांनी स्टारक्राफ्ट सगळ्यांना फुकट करून टाकला. माझं नशीब हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

२६ अक्षरं टंकताना 'बी' आणि आठ, 'जी' आणि सहा नीट बघा. मी चष्मा काढून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचली होती.

डिस्कोबा
सगळे जण "कसं जोडायचं" सांगताय, "कशाला जोडायचं" कुणी विचारेल का?

सेव्हगेम ताई, आज ती डिस्क तुमची आहे. उद्या भाच्याला देता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, विकता येते. एकदा की खात्यात गेली की ती डिस्क म्हणजे ग्लासाखाली ठेवायची चकती. खात्यातला गेम काढून दुसऱ्याला देता येत नाही. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मृत्युपत्रात लिहिलं तरी चालत नाही, हे स्टीमच्या मदतकक्षाने २०२४ मध्ये एकाला स्पष्ट कळवलं होतं आणि त्यावर जगभर चर्चा झाली होती.

तुम्ही हातातली वस्तू देऊन बदल्यात यादीतलं एक नाव घेताय. आणि तेही आनंदाने!

बिनचूक
@डिस्कोबा, भावना पोचल्या. पण हातातली वस्तू चालली तर पाहिजे ना?

२००० नंतरच्या पाच-सहा वर्षांतल्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. डिस्क खरी की नक्कल हे तपासायला ते विंडोजच्या पार आतल्या भागात एक ड्रायव्हर चालवायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली. विंडोज १० आलं २०१५ ला, त्यात मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही. त्याच सप्टेंबरात व्हिस्टा, ७ आणि ८ वरसुद्धा अपडेट पाठवून बंद केला. म्हणजे डिस्क अस्सल, ओरखडा नाही, डबा आहे, की आहे, आणि गेम म्हणतो डिस्क घाला. घातलीय रे बाबा!

सिक्युरॉम नावाच्या दुसऱ्या कुलपाची तऱ्हा आणखी वेगळी. २००८ च्या स्पोर या गेमला सुरुवातीला तीनच अ‍ॅक्टिव्हेशन होती, लोक भडकल्यावर पाच केली. डिस्क तुमची, पण किती वेळा बसवायची ते ते ठरवणार.

खात्यात जी प्रत येते तिच्यात ही जुनी कुलपं बहुतेक वेळा काढलेली असतात. त्यासाठी जोडायचं.

डिस्कोबा
माझ्याकडे खास त्यासाठी विंडोज एक्सपीचा संगणक ठेवलाय. माझा एक्सपी आणि माझी डिस्क एकमेकांना अजून ओळखतात. तुमचं स्टीम एक्सपीला १ जानेवारी २०१९ पासून ओळखत नाही आणि विंडोज ७ ला २०२४ पासून. एक्सपीच्या काळातला गेम विकत घेऊन एक्सपीवर चालवता येत नाही, ही प्रगती.

लोडिंग
डिस्कोबांच्या एक्सपीला साष्टांग दंडवत. त्याचा पंखा अजून विमानासारखा आवाज करतो का?

डिस्कोबा
करतो. आणि उडतोही वेळेवर.

अण्णा_६४
थोडं अवांतर. हे भांडण कन्सोलवाल्यांनी आधीच करून ठेवलंय.

२०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हाची मूळ योजना आठवते का? डिस्क एकदा घालायची, गेम खात्याला जोडला जायचा, नंतर डिस्क लागणारच नाही. म्हणजे आपल्या धागाकर्तीला जे हवंय तेच! पण त्याच्यासोबत अट होती की कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि वापरलेल्या डिस्कच्या देवाणघेवाणीवर बंधनं. एवढा गदारोळ झाला की १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळंच मागे घेतलं. अट गेली, त्याबरोबर डिस्कशिवाय खेळायची सोयही गेली. मला तेव्हा आनंद झाला होता. आता उठून डिस्क बदलताना गुडघे दुखतात तेव्हा मत डळमळतं.

पुढे २०१५ ला एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम नव्या कन्सोलवर चालायला लागले. तिथे डिस्क घातली की गेम इंटरनेटवरून उतरतो, डिस्कवरचं काही वाचलं जात नाही. पण खेळताना डिस्क आत लागतेच. डिस्क म्हणजे नुसतं ओळखपत्र.

सोनीनेही एक प्रयत्न केला होता. त्यांच्या व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलला आधीच्या पीएसपीच्या यूएमडी चकत्या घालायला जागा नव्हती, म्हणून २०११ मध्ये जपानात 'यूएमडी पासपोर्ट' काढला. पीएसपीत चकती घालून नोंदणी करायची, मग व्हिटावर तोच गेम कमी पैशांत. फुकट नाही, कमी पैशांत! आपलाच गेम आपल्याला सवलतीत.

निवांत
अण्णा, निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलचं राहिलं. त्यात 'गेम-की कार्ड' आहेत. कार्डात गेम नाही, फक्त की. गेम उतरवायचा आणि खेळताना कार्डही घालायचं. दोन्हीकडचे तोटे एकत्र. फक्त एकच बरं आहे, खात्याला बांधलेलं नसल्यामुळे कार्ड दुसऱ्याला देता येतं.

डिस्कोबा
म्हणजे माझ्या म्हणण्यातली निम्मी गोष्ट निन्टेंडोला पटली. आनंद आहे.

तिसरा_कंट्रोलर
पीसीवाल्यांनी हसू नये. २०१५ ला मेटल गिअर सॉलिड ५ चा पीसीचा डबा आला तेव्हा आतल्या डिस्कवर काय होतं? स्टीमचा इन्स्टॉलर. काही एमबी. बाकी गेम घ्या उतरवून. तो डबा म्हणजे छापील की आणि तिच्याभोवती प्लास्टिक.

कडीकुलूप
माझा अनुभव सांगते, म्हणजे कुणी फसणार नाही. एका विक्रेत्याकडून वापरलेला गेम घेतला. डबा चकचकीत, पुस्तकाला साधा कोपरा दुमडलेला नाही, डिस्क आरशासारखी. घरी येऊन की टाकली, तर उत्तर आलं की ही आधीच दुसऱ्या खात्यात वापरलेली आहे. विक्रेता म्हणाला, "ताई, डिस्क तर चालतेय ना?" डिस्क चालत होती. इन्स्टॉल शंभर टक्के व्हायचं आणि मग विचारायचा, खातं कुठाय. मी ती डिस्क अजून जपून ठेवलीय, राग जिवंत राहावा म्हणून.

पीसीचा डबा वापरलेला घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत. घ्यायचाच तर डबा शोभेचा समजून घ्या.

कायदेपंडित
कडीकुलूप, कायद्याच्या बाजूने हा प्रश्न युरोपात बराच लढला गेलाय. जुलै २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल प्रकरणात म्हटलं की कायमस्वरूपी परवान्याने विकलेलं, डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरसुद्धा पुढे विकता येतं. मग फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीवर दावा लावला. २०१९ ला पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २०२२ ला वरच्या न्यायालयाने तो फिरवला. गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्यात चित्रं, संगीत, कथा असं बरंच काही येतं, त्यामुळे त्याला तो नियम तसाच लावता येत नाही, असा एकूण युक्तिवाद.

कॅलिफोर्नियात २०२५ पासून वेगळा कायदा लागू आहे. नुसता परवाना देत असाल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणायचं नाही. तो यायच्या सुमारास स्टीमनेही खरेदीच्या पानावर तशी ओळ टाकली.

लोडिंग
ती ओळ मी वाचली आणि तरी बटण दाबलं. माझ्यासारख्यांसाठी कुठलाच कायदा पुरेसा नाही.

बिनचूक
डिस्कोबा, एक प्रश्न. द क्रू नावाचा गेम २०१४ चा. डिस्कवर मिळायचा. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले. त्या दिवसानंतर डिस्कवाला आणि डाउनलोडवाला दोघेही सारखेच बाहेर. मग हातात वस्तू असून काय मिळालं?

डिस्कोबा
हे मान्य. त्याच गेमवरून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. सर्व्हरवर जगणारा गेम डिस्कवर असला काय नि खात्यात असला काय. पण हाफ-लाइफ तसा नाही. तो माझ्या संगणकावर सर्व्हर मेला तरी चालतो. म्हणून तो जोडू नका म्हणतोय.

जुनाट
अहो पण जोडला म्हणून डिस्कवरचं पुसलं जातं का? हाफ-लाइफची डिस्क खात्यात की टाकल्यावरही एकट्याने खेळायला पूर्वीसारखीच चालते. डिस्क जळाली असं होत नाही. हाफ-लाइफ २ चं वेगळं. तो जन्मापासूनच खात्याला बांधलेला. तुम्ही दोघांना एकाच माळेत ओवताय.

डिस्कोबा
... हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो, एक्सपी मागे घेत नाही.

सेव्हगेम
बापरे, दोन दिवस आले नाही तर एवढी चर्चा! सगळ्यांना धन्यवाद. ड्राइव्ह परत केला, कारण तो लागतच नाही हे कळलं. आता हिशोब देते.

प्रे: आला! पुस्तकाच्या मागच्या पानावर स्टिकर होता. जुनाट काका, तुमचे आभार.
स्टॉकर: आला.
विचर: जीओजीवर घातला. गोगलगाय खूश?
वॉरक्राफ्ट ३: तिसऱ्या प्रयत्नात. आठ नव्हता, 'बी' होता.
शर्यतीचा गेम: की नाही, डबा नाही. त्याला आता खिडकीत टांगते, कबुतरं तरी घाबरतील.
जीटीए ४ आणि सिम्स २: काही कळत नाहीये.
हाफ-लाइफ २: वापरलेली आहे म्हणतं.
हाफ-लाइफ: 'इनव्हॅलिड'. याची गोष्ट मोठी आहे, खाली लिहिते.

गोगलगाय
खूश.

तिसरा_कंट्रोलर
जीटीए ४ च्या डब्यात गेम्स फॉर विंडोज लाइव्हची २५ अक्षरांची की असते. ती सेवा मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडल्यामुळे जानेवारी २०२० मध्ये जीटीएवाल्या रॉकस्टार कंपनीला नव्या की काढताच येईनात, म्हणून स्टीमवर विक्रीच थांबवावी लागली होती. मार्चमध्ये लाइव्ह काढून टाकलेली नवी आवृत्ती आली आणि जुन्या डबेवाल्यांना आपली की रॉकस्टारच्या खात्याला जोडायची सोय दिली. स्टीममध्ये खटपट करू नका, रॉकस्टारच्या साइटवर लॉगिन करून की टाका.

सिम्स २ ला उशीर झाला. जुलै २०१४ मध्ये सिम्सवाल्या ईए कंपनीने त्याचा सगळ्या भागांसकटचा संच मागेल त्याला दिला होता, महिनाअखेरीपर्यंत. आता २०२५ पासून नवी आवृत्ती विकायला आहे, जुन्या कीचा तिला उपयोग नाही.

सेव्हगेम
जीटीए झाला! सिम्सला राम राम.

आता हाफ-लाइफ. याचा डबा नाही, पुस्तक नाही. डिस्क कागदी पाकिटात आहे आणि पाकिटावर माझ्या दादाने जाड मार्करने की लिहून ठेवलीय. तेरा आकडे, मध्ये दोन आडव्या रेघा. मी जशीच्या तशी घातली. इनव्हॅलिड. वीसेक वेळा घातली. मार्कर थोडा फुटलाय, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. दादा दुसऱ्या देशात असतो, त्याला विचारलं तर म्हणतो, "मी लिहिलंय म्हणजे बरोबरच आहे."

बिनचूक
'इनव्हॅलिड' आणि 'आधीच वापरलेली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाफ-लाइफच्या कीमधला शेवटचा, तेरावा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो. एक आकडा जरी चुकला तरी बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि 'इनव्हॅलिड' येतं. म्हणजे तुमच्या वाचण्यात किंवा दादांच्या लिहिण्यात चूक आहे. सर्व्हरचा काही संबंध नाही.

लोडिंग
फोटो टाका ना पाकिटाचा.

तिसरा_कंट्रोलर
अजिबात टाकू नका! उघड्या धाग्यावर की टाकली तर इथलाच कुणी वाचनमात्र पाहुणा पाच मिनिटांत स्वतःच्या खात्यात घालेल. टाकायचाच तर निम्मे आकडे झाका.

सेव्हगेम
मधले सहा झाकून टाकलाय. बघा.

अण्णा_६४
ताई, मी हा फोटो मोठा करून पाहिला. तो दुसरा आकडा तुम्ही काय वाचलात?

सेव्हगेम
नऊ. स्पष्ट नऊ आहे की.

अण्णा_६४
इंग्रजी नऊची शेपटी खाली सरळ येते, नाहीतर डावीकडे वळते. याची उजवीकडे गेलीय. आणि शेवटून तिसरा तुम्ही आठ वाचला असणार. त्याचं डोकं बघा, वरून उघडं आहे.

तुमचे दादा मराठी माध्यमात होते का?

सेव्हगेम
हो, दहावीपर्यंत. का?

अण्णा_६४
तो नऊ नाही, मराठी एक आहे. आणि तो आठ नाही, मराठी चार आहे. बाकीचे इंग्रजी. घाईत लिहिताना सवयीचा हात जातो तिकडे. मी स्वतः बँकेच्या स्लिपा भरताना हेच करायचो, खिडकीपलीकडून परत यायच्या.

लोडिंग
*टोपी काढून उभा राहिलोय*

फक्त_वाचक
माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम धागा. आता खोकं उघडतो.

सेव्हगेम
अण्णा!!! झाकलेल्यातही एक 'नऊ' होता, तोही बदलला. इनव्हॅलिड गेलं.

आता येतंय: ही की आधीच दुसऱ्या खात्यात आहे.

जुनाट
मी दुसऱ्याच प्रतिसादा— नाही, तिसऱ्या प्रतिसादात लिहिलं होतं, घरात विचारून बघा म्हणून.

सेव्हगेमचा_दादा
नमस्कार. नवीन सदस्य. बहिणीने दुवा पाठवला, त्यात माझ्या अक्षरावर जाहीर चर्चा चालू असल्याचं कळलं.

खुलासा: २००४ मध्ये हाफ-लाइफ ऑनलाइन खेळायची जुनी वॉन सेवा बंद झाली. काउंटर-स्ट्राइक ऑनलाइन खेळायचं तर स्टीम खातं काढून त्यात हाफ-लाइफची की टाकायला लागायची. मी टाकली होती. नंतर हाफ-लाइफ २ त्याच खात्यात. खातं कॉलेजच्या ईमेलवर होतं. तो ईमेल आता नाही, पासवर्ड आठवत नाही, खात्याचं नाव मात्र आठवतं. ते इथे सांगणार नाही, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

तिसरा_कंट्रोलर
स्वागत दादा. मग काम सोपं आहे. स्टीमच्या मदतकक्षाकडे खातं परत मिळवायची विनंती करा. खात्यात घातलेली छापील की हा मालकीचा पुरावा धरतात. त्यांचा तिकीट क्रमांक हाताने, पेनाने, छापील कीच्या शेजारी लिहायचा आणि दोन्ही एकत्र दिसेल असा फोटो पाठवायचा. मार्करने लिहिलेल्या पाकिटाचा काही उपयोग नाही. पण हाफ-लाइफ २ चा डबा आहे ना? त्यातली छापील की चालेल.

सेव्हगेम
आहे. डबाही आहे आणि कीही आहे. दादा, तिकीट तू काढ, फोटो मी काढते.

डिस्कोबा
नोंद घ्यावी: बावीस हजार लोकांच्या सर्व्हरवर नाही, शेवटी वरच्या फळीवरच्या डब्यावर येऊन ठेपलंय. मी काही बोलत नाही.

बिनचूक
बावीस हजार हा विदा कुठला?

डिस्कोबा
मनातला.

सेव्हगेम
फोटो पाठवला. डब्याच्या आतल्या कागदावर बॉलपेन चालत नव्हतं, गुळगुळीत आहे. दोनदा गिरवलं.

सेव्हगेमचा_दादा
चार दिवसांनी उत्तर आलं. खातं परत मिळालं. दोन्ही हाफ-लाइफ, काउंटर-स्ट्राइक, सगळं जागच्या जागी. मित्रयादीत नऊ जण, सगळे ऑफलाइन.

सेव्हगेम
मस्त! आता मला कसं मिळणार? खोकं मी काढलं, की मी वाचली, फोटो मी काढला, तिकीट नंबर मी लिहिला.

सेव्हगेमचा_दादा
खातं हस्तांतरित करता येत नाही. वर डिस्कोबांनी सविस्तर लिहिलंय, वाच. डिस्क तू ठेव. आणि नंबर इंग्रजीत लिहिला होतास ना? पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, हा चौथा आकडा काय आहे म्हणून.